न उसळणारा रबरी पॅड

मित्रांनो, मी एक जुना रबरी पॅड आहे. तळहाताएवढा, चौकोनी, दोन बोटं जाड आणि काळा कुळकुळीत. आता तुमच्यातलं कुणीतरी लगेच म्हणणार, "दे बघू इकडे, उसळतो का बघू!" नाही उसळत. आधीच सांगून ठेवतो, नाही उसळत, आणि न उसळणं हाच माझा गुण आहे. पण ऐकतो कोण? आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये रबराची वस्तू हातात आली की माणूस ती पहिल्यांदा जमिनीवर आपटतो. गॅरेजवाला आपटतो, दुकानदार आपटतो, एकतीस वर्षं कंपनीत काढलेला इंजिनिअरसुद्धा आपटतो. उसळलं तर "वा, काय जिवंत माल आहे!" आणि नाही उसळलं तर "मेलंय राव हे, फेकून द्या." या एका खोडीपायी एका बाईचं चालतं काम बंद पडायची वेळ आली. ती हकिकत मला सांगायची आहे. मध्ये मध्ये माझा आवाज चढला तर समजून घ्या.

माझा जन्म चाकणच्या एका लहानशा रबर कारखान्यात झाला. तिथे दोन जाडजूड लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरत असत आणि त्यांच्यामध्ये कच्चं रबर कणकेसारखं मळलं जाई. माझ्या पिठात त्यांनी काजळी घातली ती पसा-मूठ नव्हे, चांगली पोतंभर. शिवाय गंधक आणि आणखी चार पुड्या. मग गरम साच्यात दाबून मला आणि माझ्या तीन भावांना भाजून काढलं. बाहेर आलो तेव्हा आमच्या अंगाला असा वास येत होता की साच्यावरचा माणूससुद्धा तोंड फिरवून शिंकला.

तपासणीच्या खोलीत स्वरूपा नावाची मुलगी होती. सगळ्या आयुष्यात मला पहिल्या दिवशी ओळखणारं माणूस म्हणजे ती एकटीच. तिने मला एका यंत्रात ठेवून दाबलं आणि सोडलं, पुन्हा दाबलं आणि सोडलं. पहिल्या चार-पाच वेळा मी जरा सैल झालो, नव्या चपलेसारखा. ती शेजारच्या नव्या मुलीला म्हणाली, "पहिले पाच धरायचेच नाहीत गं. नवीन रबर आधी थोडं नखरे करतं. सहाव्यापासून लिही."

यंत्राला जोडलेल्या पडद्यावर रेघ उमटत होती. दाबताना रेघ वर गेली. सोडताना ती त्याच वाटेने खाली यायला हवी होती की नाही? मी नाही आलो. मी दुसऱ्या, खालच्या वाटेने आलो. दोन रेघांच्या मध्ये आंब्याच्या पानासारखा एक आकार उरला. नवी मुलगी घाबरली, म्हणाली, "मॅडम, हा पीस चुकलाय वाटतं."

"चुकला नाही, हाच तर पाहिजे," स्वरूपा म्हणाली. "हे पानाचं पोट बघ. आपण याला जेवढा जोर दिला, त्यातला एवढा याने परतच केला नाही. खाऊन टाकला. याला हिस्टेरेसिस म्हणतात. पोट जेवढं मोठं तेवढी थरथर जास्त खाणार."

तुम्ही विचाराल, खाल्लेलं जातं कुठे? सांगतो. रबर म्हणा, प्लास्टिक म्हणा, आम्हा मंडळींच्या अंगात लांबच लांब साखळ्या असतात, ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. दाब आला की त्या सरकतात आणि एकमेकींना घासतात. दाब गेला की जागेवर येतात, पण लगेच नाही, कुरकुरत आणि उशिरा येतात. त्या घासाघाशीत दिलेल्या जोराचा काही भाग उष्णता होऊन जातो. काही रबरांत ही घासाघाशी फार थोडी असते, ती दिलेलं बहुतेक सगळं परत करतात आणि म्हणून चेंडूसारखी उसळतात. माझ्यात ती भरपूर आहे. म्हणून मी उसळत नाही, फक्त कोमट होतो. एवढीच गोष्ट आहे, आणि एवढीच गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

स्वरूपाने शेवटी माझ्यावर एक पोलादी गोळी सोडली. गोळी पडली आणि जवळजवळ तिथेच बसली. ती खूश होऊन म्हणाली, "शाब्बास रे माझ्या दगडा!" मित्रांनो, कौतुकाचं हे एक वाक्य मी सहा वर्षं पुरवून पुरवून वापरलं, कारण पुढे कुणाच्या तोंडून दुसरं काही आलंच नाही.

तिथून आम्ही चौघे संत तुकाराम नगरमध्ये आलो. एका तीन मजली इमारतीच्या खाली दुकानांची रांग होती आणि रांगेच्या टोकाला मदिनाची पिठाची गिरणी. गिरणी बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने आम्हाला तिच्या चार पायांखाली घातलं, बोल्ट आवळले आणि तो निघून गेला. वर पहिल्या मजल्यावर श्यामराव आणि शुभदाकाकू राहायचे. श्यामराव एका मोठ्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले.

गिरणीचं पाटं, म्हणजे दळणारा गोल दगड, पूर्ण वेगात फिरत असलं की फारसा त्रास नसतो. खरी परीक्षा चालू करताना आणि बंद करताना. वेग वाढता वाढता मध्येच एक वेग असा येतो की गिरणीचं आपलं झुलणं आणि पाट्याचा धक्का यांची गाठ पडते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो ना, तसंच. अशा वेळी खाली कुणीतरी धक्के गिळणारं हवं. ते आम्ही गिळायचो. दिवसातून वीस वेळा चालू, वीस वेळा बंद. गहू, ज्वारी, बेसन, उपवासाची भाजणी, सगळ्यांची थरथर आमच्या पोटात. मदिना रात्री गिरणी झाडताना कधी आमच्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "बघा, बिचारे कसे गरम झालेत." बस, एवढंच. वरच्या श्यामरावांना तर खाली गिरणी आहे हे पिठाच्या वासावरूनच कळायचं.

सहा वर्षं कुणाची तक्रार नाही आणि म्हणून कुणाला आमची आठवणही नाही. आमचं काम चांगलं झालं की काही घडतच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार? हे मला तेव्हाही खटकायचं, पण मी गप्प बसायचो. गप्प बसणं माझ्या रक्तातच आहे, म्हणजे काजळीतच आहे म्हणा.

मग आला यंदाचा दसरा. मदिनाचा नवरा अफताब चाकणला कंत्राटावर होता, ते कंत्राट उन्हाळ्यात संपलं होतं आणि घर आता गिरणीवरच चाललं होतं. दिवाळीआधीचे पंधरा-वीस दिवस म्हणजे गिरणीचा खरा हंगाम. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, लाडवांचं बेसन, रांग रस्त्यापर्यंत जाते. म्हणून मदिनाने हंगामाआधी गिरणीची सर्व्हिसिंग करायला रहिमानला बोलावलं. रहिमान पिंपरी कॅम्पाच्या मागे गॅरेज चालवतो. हात सोन्याचा, मन त्याहून चांगलं, पण रबर दिसलं की आपटायची खोड त्यालाही होतीच.

त्याने गिरणी उचलून मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं आणि फरशीवर आपटलं. थप्प!

"भाभी, हे रबर मेलंय," तो म्हणाला.

अरे बाबा, मेलो नाही! सहा वर्षांपूर्वी जन्मलो तेव्हाही मी थप्पच म्हणालो होतो! पण हे त्याला सांगणार कसं?

"सहा वर्षं तर चांगलं चाललंय की," मदिना म्हणाली. "फक्त गरम होतात थोडे."

"गरम होतात? मग संपलंच! जी वस्तू गरम होते ती खराब होते, मोटर असू दे नाहीतर बेअरिंग." त्याने पिशवीतून चार लालभडक पॅड काढले आणि एक फरशीवर टाकला. तो थेट त्याच्या कमरेपर्यंत उडाला आणि दारातल्या गव्हाच्या डब्यात जाऊन पडला. "बघा! याला म्हणतात माल. असली जान पाहिजे रबरात."

मदिना हसली, दारातल्या दोन बायका हसल्या, आणि आमची चौघांची रवानगी दुकानांमागच्या कचऱ्याच्या ढिगावर झाली. रहिमानला मी सरसकट दोष देणार नाही. गाडीचं रबर म्हातारं झालं, वाळलं की खरंच कडक होतं आणि उसळत नाही, ते त्याने शेकडो वेळा पाहिलेलं. पण म्हाताऱ्याने न उसळणं वेगळं आणि जन्मतःच न उसळण्यासाठी बनवलेलं असणं वेगळं. हा फरक एकदा तरी कुणीतरी विचारावा की नाही?

ढिगावर आम्हाला कुणी उचललं असेल? श्यामरावांनी! निवृत्त झाल्यापासून त्यांना रस्त्यावरचा नट, बोल्ट, पट्टी, काहीही दिसलं की खिशात घालायची सवय. "छान जाड रबर आहे. लोक काहीही फेकतात," असं पुटपुटत त्यांनी मला हातात घेतलं. आणि मग, मित्रांनो, एवढे शिकले-सवरलेले गृहस्थ, त्यांनीसुद्धा मला जमिनीवर आपटलं. थप्प. "हं, जान नाही. पण मशीनच्या पायाखाली चालेल." मी कपाळाला हात लावला असता, पण मला कपाळही नाही आणि हातही नाही.

त्यांच्याकडे एक कपडे धुण्याचं मशीन होतं. पिळायला लागलं की ते नाचत नाचत न्हाणीघरातून निघून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं. शुभदाकाकू त्याला पाठीने दाबून धरून उभ्या राहायच्या. आम्ही चौघे त्याच्या पायांखाली गेलो आणि त्या दिवसापासून ते जागचं हललं नाही. श्यामराव येणाऱ्या-जाणाऱ्याला न्हाणीघरात नेऊन दाखवायचे. "लेव्हल नीट केली मी. इंजिनिअरिंगमध्ये लेव्हल हेच सगळं असतं." लेव्हल! आमचं नावसुद्धा नाही. लेव्हल म्हणे!

आणि खाली काय चाललं होतं? खाली लाल पॅडांचा तमाशा. त्यांना जेवढा धक्का मिळे तेवढा ते इमानदारीने परत करत. गिरणी चालू होताना आणि बंद होताना आठ-दहा सेकंद अशी उड्या मारायची की वरच्या घरातली भांडी मांडणीवर वाजायची. देवघरातली घंटी आपोआप किणकिणायची. एकदा काकूंचा दुधाचा टोप ओट्यावरून सरकून खाली पडला. न्हाणीघराची फरशी थरथरायची आणि ती थरथर खालून माझ्या अंगात यायची. मी तिथे बसून विचार करायचो, की अरे, ही तर माझी थरथर! माझ्या वाटणीचं खाणं खाली वाया जातंय आणि मी इथे वर धोतरं पिळणाऱ्या मशीनखाली बसलोय. ओरडावंसं वाटायचं. रबराला ओरडता येत नाही, ही देवाची चूक आहे.

रहिमानने प्रयत्न कमी केले नाहीत. बोल्ट आवळले, पाटं तपासलं, पट्टा बदलला. शेवटी त्याने एकाखाली एक असे दुहेरी लाल पॅड घातले, म्हणजे आणखी उसळ! त्या दिवशी गिरणीने अशी उडी घेतली की पिठाचं झाकण उडून मदिनाच्या कपाळाला लागलं. श्यामराव खाली जाऊन वाकून बघून आले, एक लाल पॅड मागून घेतला, आपटला आणि वर येऊन काकूंना म्हणाले, "रबर तर उत्तम आहे. म्हणजे गिरणीच खराब आहे. बंदच करायला पाहिजे." उत्तम! त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून माझ्या पोटातल्या सगळ्या साखळ्यांना पीळ पडला.

मग त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी निरंजन यांच्याकडे तीन पानी अर्ज दिला. चालू होण्याच्या वेळा, बंद होण्याच्या वेळा, कोणती भांडी वाजली, सगळं तक्त्यात मांडून. रविवारी सभा ठरली आणि गिरणी तोपर्यंत थांबली नाही तर दुकानाचा करार मोडायचा, असं ठरण्याच्या बेतात आलं. दिवाळी पुढच्या आठवड्यात. हंगामात गिरणी बंद पडली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि मग वर्षभर परत येत नाही, हे मदिनाला माहीत होतं. घरात दुसरी कमाई नव्हती, हेही माहीत होतं.

शनिवारी सकाळी ती वर आली. हातात काकूंच्या भाजणीचा डबा.

"काकू, तुमची भाजणी हाताच्या जात्यावर दळून आणलीय. गिरणी चालू केली नाही," ती दारातच म्हणाली. "काकांना एक सांगायचं होतं. दिवाळी होईपर्यंत थांबा. नंतर मी स्वतः गिरणी विकीन. पण आत्ता बंद केली तर आम्ही खाणार काय?"

काकूंनी डबा हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. दोन किलो भाजणी हाताने! श्यामराव खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "मदिनाताई, माझं तुमच्याशी काही वैर नाही हो. पण घर हलतंय. मी काय करू?" ते चिडून म्हणाले. ते मदिनावर चिडलेले नव्हते. कोडं सुटत नाही म्हणून चिडलेले होते, मला कळत होतं.

नेमकं तेव्हाच न्हाणीघरात मशीन पिळायला लागलं. घूं, घूं, घूं, वेग वाढत गेला, मधला तो वाईट वेग आला आणि गेला, आणि मशीन जागेवर उभं.

"तुमचं मशीन नाचायचं ना, काकू?" मदिनाने डोळे पुसत विचारलं. "मागे तुम्ही पाठीने धरून उभ्या असायच्या."

"आता नाही नाचत. यांनी लेव्हल केलंय म्हणे."

मदिना सहज न्हाणीघराच्या दारात आली. तिने खाली पाहिलं. मी वर पाहिलं. मित्रांनो, मला वाटलं आता माझा तरी आवाज फुटेल! ती वाकली, पिळणं संपल्यावर तिने माझ्या अंगावर हात ठेवला आणि तशीच राहिली.

"या अल्लाह! हे तर माझेच पॅड," ती म्हणाली. "काका, हे माझ्या गिरणीखालचे आहेत. गिरणी बंद करून हात लावला की असेच कोमट लागायचे. लाल पॅड कधीच गरम होत नाहीत. कितीही दळलं तरी गारच."

श्यामराव आत आले. गुडघे दुखतात म्हणून एरवी खाली न बसणारे श्यामराव न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. त्यांनी मला हात लावला, मग मशीनला हात लावला, मग पुन्हा मला.

"गरम होतंय," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे खातंय. थरथर खातंय आणि तिची उष्णता करतंय. आणि ते लाल रबर खातच नाही, सगळं परत देतं. अरे देवा! आणि मी ते आपटून बघून उत्तम म्हणालो!"

"म्हणजे," काकूंचा आवाज चढला, "खाली गिरणी ज्यामुळे गप्प होती, ते तुम्ही कचऱ्यातून उचलून इथे माझ्या मशीनखाली घातलंत, आणि वर तिच्याविरुद्ध तीन पानी अर्ज केलात?"

"अगं, मला काय माहीत ते तिचे आहेत?"

"माहीत नव्हतं तर पंधरा दिवस लेव्हल लेव्हल म्हणून मिरवत कशाला होतात?"

श्यामरावांनी पाना मागवला.

दुपारी ते आम्हा चौघांना भाजीच्या पिशवीत घालून स्वतः खाली घेऊन आले. रहिमानलाही बोलावलं होतं. मला बघून त्याचा चेहरा पडला. "काका, हे तर मी फेकलं होतं. मेलेलं रबर आहे हे. भाभींची गिरणी परत यावर ठेवायची?"

श्यामरावांनी लाल पॅड उचलला आणि फरशीवर सोडला. तो उडाला. "रहिमानभाऊ, बघा, जेवढा धक्का दिला तेवढा याने परत दिला. पण गिरणीचा धक्का आपल्याला परत हवाय का? आपल्याला तो परत नकोय. आपल्याला तो संपवून टाकणारा पाहिजे. तुम्ही आपटून बघितलंत, मीही आपटून बघितलं. आपण दोघांनी चेंडूची परीक्षा घेतली आणि चेंडू पास केला."

रहिमान उकिडवा बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे भाभींना हा त्रास माझ्यामुळे झाला?"

"आपल्या दोघांमुळे," श्यामराव म्हणाले. "आणि माझ्याकडे तर डिग्रीही होती."

रहिमानने मदिनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माफ करा भाभी," तो म्हणाला. मदिना म्हणाली, "आता बोलत नका बसू रहिमानभाई, बोल्ट लावा. उद्या सभेने हो म्हटलं की चाळीस डबे दळायचेत."

आता इथे थोडा थांबतो. माझ्यासारख्यांच्या गोष्टीत शेवटी एक विनंती असते, आणि विनंती सुरू झाली की तुम्ही मुलं वही मिटायला लागता. म्हणून मी ती आधीच उरकून घेतो. मी कायमचा नाही. सहा वर्षं जे खाल्लं ते माझ्या पोटातच तापत राहिलं, आणि त्या उष्णतेने आमच्या साखळ्या हळूहळू ताठरतात. सतत दाबाखाली राहून मी थोडा बसलोही आहे, जन्माला आलो तेवढा उंच राहिलो नाही. गिरणीचं तेल गळतं ते माझ्यावर पडू देऊ नका, पडलं तर लगेच पुसा, तेलाने आम्ही फुगतो आणि सडतो. वर्षातून एकदा भेगा बघा. आणि बदलायचं ठरवलंत तर आधी विचारा, की याला कशासाठी ठेवलं होतं? घरातही असंच आहे. जो काही बोलत नाही, तक्रार करत नाही, सगळ्यांचे धक्के पोटात घेतो, त्याच्या अंगाला कधीतरी हात लावून बघा तो तापलाय का. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

झाली विनंती. आता रविवार.

सकाळी अकरा वाजता सभेचे सातजण गिरणीसमोर जमले. श्यामरावांनी अर्ज मागे घेतो म्हटलं, पण निरंजन म्हणाले, "असं कसं काका, तीन पानं लिहिलीत तुम्ही. आधी दाखवा तरी." मग ठरलं, की वर श्यामरावांच्या ओट्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, शुभदाकाकूंनी त्याच्यावर डोळा ठेवायचा आणि खाली गिरणी चालू करून बंद करायची. पाणी सांडलं तर गिरणी बंद. मदिनाने बटणावर बोट ठेवलं. अफताब तिच्या मागे उभा राहिला. रहिमान तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता, बहुतेक दुवा.

तिने बटण दाबलं. पाटं फिरायला लागलं. वेग वाढला, मधला वाईट वेग आला, आणि तो पहिला धक्का माझ्यावर पडला. मित्रांनो, पंधरा दिवस उपाशी असलेल्याला पंगतीत बसवल्यासारखं मी तो धक्का घेतला. माझे तिघे भाऊही घेत होते. साखळ्या घासल्या, कुरकुरल्या, उशिरा परत आल्या. पाटं पूर्ण वेगात गेलं. दोन मिनिटं तसंच फिरू दिलं. मग मदिनाने बंद केलं. परत तो वाईट वेग, परत तो धक्का, आणि परत आम्ही. पाटं थांबलं. सगळे माना वर करून पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघत राहिले. वरून काहीच आवाज येईना.

निरंजननी घड्याळ पाहिलं. श्यामरावांनी घसा खाकरला. मदिना पदराचं टोक चावत उभी होती.

आणि मग खिडकीतून शुभदाकाकूंचा वैतागलेला आवाज आला, "अहो, किती वेळ उभी राहू मी या पेल्यापाशी? मदिनाला म्हणावं, चालू कर ना गं एकदाची गिरणी!"